सातबाऱ्यावर नाव कोणाचे? मदत देणाऱ्या देशांना विदर्भातून खुले पत्र

प्रति,
आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) विकास साहाय्य समितीचे सर्व सदस्य देश

प्रत, माहिती व कार्यवाहीसाठी: परराष्ट्र मंत्रालय आणि गृह मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: विकास साहाय्यातील स्त्री-पुरुष समानतेचे गुणांकन, निधीकपात आणि गावपातळीवरच्या महिला संस्था

महोदय, महोदया,

स्वीडनने २०१४ साली जगात पहिल्यांदा स्त्रीवादी परराष्ट्र धोरण, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेला मध्यभागी ठेवणारे धोरण, जाहीर केले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकार बदलताच ते सोडून दिले. कॅनडाने २०१७ मध्ये आपली सगळी परदेशी मदत स्त्रीवादी धोरणाच्या चौकटीत बसवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी यांनी आपल्या परराष्ट्र धोरणाला यापुढे तसे म्हणणार नसल्याचे सांगितले. जर्मनीने मार्च २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०२५ मध्ये आलेल्या नव्या सरकारने ते नाव बाजूला ठेवले. अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड १ जुलै २०२५ पासून बंद आहे. ब्रिटन २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणणार आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली ठरवलेले उद्दिष्ट ०.७ टक्क्यांचे होते.

धोरणाला नाव कोणते द्यायचे हे तुमच्या संसदा ठरवतील. आमचे भांडण त्या नावाखाली बसलेल्या कामाच्या पद्धतीशी आहे. ती चालू होती तेव्हाही अर्धवट होती. आता कपात करताना तुम्ही तिच्यातला चांगला भाग आधी कापत आहात आणि कागदी भाग शाबूत ठेवत आहात. यवतमाळ, वर्धा, अमरावती, बुलढाणा, गडचिरोली या जिल्ह्यांत महिला शेतकरी, शेतमजूर आणि बचतगटांबरोबर आम्ही काम करतो. तुमच्या अटी गावात पोहोचतात तेव्हा त्यांचे काय होते, हे आम्हाला रोज दिसते. म्हणून हे पत्र.

भारताला कुठे आता तुमची मदत लागते, असे तुमच्याकडेही म्हणतात आणि आमच्याकडेही. २००३ पासून भारताने बहुतेक लहान देणगीदार देशांची थेट सरकारी मदत घेणे थांबवले हे खरे आहे. पैसा मात्र कर्जाच्या रूपाने येतच राहिला. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू आणि फ्रान्सच्या एएफडी या बँकांचे कर्ज आहे. मराठवाडा-विदर्भातल्या हजारो गावांत चाललेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, जागतिक बँकेच्या कर्जावर उभा राहिला. त्या बँकेचे मोठे भागधारक तुम्हीच आहात. आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत २००९ पासून शेतीविकासाचा केम प्रकल्प चालला तो इफाड, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या पैशावर. महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) बचतगटांसाठीचे प्रकल्प, आधीचा तेजस्विनी आणि आताचा नवतेजस्विनी, यांनाही इफाडचेच कर्ज. ही कर्जे आम्ही करातून फेडतो, त्यामुळे त्यांच्या अटींवर बोलायचा आमचा हक्क दान घेणाऱ्यापेक्षा मोठा आहे.

आता तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार तुमच्या गुणांकनाची आहे. तुमच्या समितीकडे प्रत्येक प्रकल्पाला ०, १ किंवा २ असा गुण देण्याची पद्धत आहे. समानता हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर २, महत्त्वाचे पण दुय्यम उद्दिष्ट असेल तर १, काहीच नसेल तर ०. १ गुण मिळायला स्त्री-पुरुषांच्या स्थितीचे आधी विश्लेषण झालेले असावे, समानतेचे किमान एक स्पष्ट उद्दिष्ट आणि ते मोजणारा निर्देशक असावा, आकडेवारी स्त्री-पुरुष अशी वेगळी ठेवावी, अशा अटी आहेत. अटी चांगल्या आहेत. अडचण अशी की गुण मंजुरीच्या वेळी, हेतू बघून दिला जातो. पुढे ते विश्लेषण कपाटात राहिले, निर्देशक ‘प्रशिक्षणाला हजर महिला’ एवढ्यावर आला, तरी गुण तसाच राहतो. शिवाय १ गुणाच्या प्रकल्पाची सगळी रक्कम समानतेच्या खात्यात मोजतात. शंभर कोटींच्या सिंचन प्रकल्पात महिलांसाठी दोन कोटींचा घटक असला तरी आकडेवारीत शंभर कोटी चढतात. तुमच्याच हिशेबाने २०२०-२१ मध्ये वाटप करण्याजोग्या द्विपक्षीय मदतीपैकी ४४ टक्के मदत समानतेचे उद्दिष्ट असलेली होती. त्यात २ गुणांची मदत ४ टक्क्यांच्या आसपास. महिला हक्क संस्थांपर्यंत थेट पोहोचणारा पैसा १ टक्क्याहूनही कमी. आम्हाला काळजी आहे ती याच शेवटच्या दोन आकड्यांची, आणि कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. कारण ते लहान, सुटे, सहज बंद करता येणारे करार असतात, आणि शंभर कोटींचा सिंचन प्रकल्प अर्ध्यावर सोडता येत नाही.

दुसरी तक्रार जमिनीची. ही आम्ही सविस्तर मांडणार आहोत, कारण बाकी सगळे इथेच अडते.

शेतीच्या कोणत्याही अनुदान प्रकल्पाची वाट ठरलेली आहे. पोर्टलवर नोंदणी करायची, सातबारा आणि आठ-अ जोडायचा, पूर्वसंमतीची वाट बघायची, मग ठिबक असो की मोटार, स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची, बिल चढवायचे, मोका तपासणी होऊ द्यायची, आणि शेवटी अनुदान आधारशी जोडलेल्या खात्यात येते. यात बाई दोन ठिकाणी गळते. सुरुवातीला, कारण सातबारा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असतो. आणि मध्ये, कारण आधी खर्च करायला तिच्या हातात रोकड नसते. भूमिहीनांसाठी शेळ्या-कोंबड्यांचे घटक असतात. ते हवेच आहेत. पण पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात लावणीपासून वेचणीपर्यंत राबणाऱ्या बाईला शेतकरी म्हणून काही मिळत नाही आणि भूमिहीन म्हणून कोंबड्या मिळतात, ही समानता नव्हे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीखातेदारांपैकी स्त्रिया सुमारे १४ टक्के निघाल्या. कापूस पणन केंद्रावर विकायचा तरी सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद लागते. मक्त्याने किंवा बटईने शेती करणारी एकटी बाई तर कुठल्याच कागदावर दिसत नाही.

सातबारा बघताना एक बारकावा लक्षात घ्या. नवरा गेल्यावर वारस फेरफार होतो. मृत्यूचा दाखला, वारसांचे शपथपत्र, अर्ज, मग हितसंबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी १५ दिवस, त्यानंतर मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हे सगळे सुरळीत झाले तरी अनेक उताऱ्यांवर विधवेचे आणि मुलींचे नाव खातेदाराच्या रकान्यात न जाता ‘इतर अधिकार’ या रकान्यात जाते. किंवा जुनी ‘एकुमॅ’ नोंद, म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून एकट्या मोठ्या दिराचे नाव, तशीच चालू राहते. प्रकल्पाचा माणूस विचारतो, नाव आहे का सातबाऱ्यावर? बाई म्हणते, आहे. दोघेही खरे बोलतात. पण इतर अधिकारातल्या नावावर पीककर्ज मिळत नाही आणि पोर्टल तो अर्ज पुढे सरकवत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ४३ टक्के स्त्रियांनी एकट्याच्या किंवा सामाईक नावावर घर वा जमीन असल्याचे सांगितले. ते ४३ आणि कृषिगणनेतले १४ यांच्यातल्या अंतरात घराची मालकी आहे, सामाईक मालकी आहे, आणि कागदाच्या कोणत्या रकान्यात नाव आहे हे कोणी न विचारणेही आहे.

हे सुटण्याजोगे आहे. वनहक्क कायद्याने, २००६ च्या, विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवणे बंधनकारक केले आणि गडचिरोलीत तसे पट्टे आहेत. घरच्या शेतजमिनीवर बायकोचे नाव लावता यावे म्हणून राज्याने लक्ष्मीमुक्तीचा निर्णय नव्वदच्या दशकातच घेतला होता. मयत खातेदारांच्या वारसांची नोंद करणारी जिवंत सातबारा मोहीम बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि २०२५ मध्ये राज्यभर गेली. नियम आहेत, मोहीमही आहे. कमी पडतात ती गावोगाव कागद गोळा करणारी, तलाठ्याकडे पाठपुरावा करणारी, हरकत आली तर तहसील कार्यालयात बाईबरोबर उभी राहणारी माणसे आणि त्यांचा प्रवासखर्च. आमची मागणी अशी: विदर्भात शेतीला पैसा देणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात वारस फेरफार आणि पती-पत्नी संयुक्त नोंदीसाठी स्वतंत्र खर्चशीर्ष ठेवा. निर्देशक एकच असू द्या, खातेदाराच्या रकान्यात नव्याने आलेली स्त्रियांची नावे. आणि ज्यांचे नाव अजून लागलेले नाही त्यांना ग्रामसभेच्या दाखल्यावर कसणारी शेतकरी म्हणून अर्ज करू द्या. खरेदीची रक्कम आधी भरायची अट त्यांच्यासाठी काढून पैसे थेट विक्रेत्याला द्या.

तिसरी तक्रार कर्जाची. २०१८ मध्ये जी-७ देशांच्या विकास वित्तसंस्थांनी स्त्रियांच्या उपयोगी गुंतवणूक वाढवण्यासाठी टू-एक्स नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या निकषांत स्त्रियांची मालकी, नेतृत्व आणि रोजगार यांबरोबर सेवा स्त्रियांच्या उपयोगाची आहे का, हाही एक निकष आहे. सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपनीचे ग्राहक जवळपास सगळे बायकाच असतात, त्यामुळे हा निकष तिला सहज पेलतो. गावात दिसते ते वेगळेच. कर्ज बाईच्या नावावर, पाच जणींचा गट एकमेकींना जामीन, पैसा जूनमध्ये बियाणे-खतात जातो, आणि हप्ता लगेच सुरू होतो, आठवड्याचा, पंधरवड्याचा नाहीतर महिन्याचा. कापसाचा पैसा मात्र दसरा-दिवाळीच्या आधी येत नाही. मधल्या चार महिन्यांत एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज निघते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. पण वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागले की कागदावर ऑगस्टातही उत्पन्न दिसते. तुमच्या संस्थांनी ज्या कंपन्यांत पैसा गुंतवला आहे त्यांच्याकडून ही ५० टक्क्यांची मर्यादा पावसाळ्यातल्या महिन्यांच्या खऱ्या रोकडीवर तपासून घ्या. हप्त्याचे वेळापत्रक पिकाप्रमाणे मागा. आणि बाईच्या नावावर कर्ज गेले एवढ्यावर त्याला समानतेची गुंतवणूक मोजणे थांबवा.

चौथी तक्रार बाईच्या वेळेची आणि अंगावरच्या कामाची.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर सुरक्षित फवारणीची प्रशिक्षणे आली, किट आली. फवारणी पुरुष करतात म्हणून बोलावणे पुरुषांना आणि किटही एकच. पण पाठीवरची टाकी १५-१६ लिटरची, एकराला आठ-दहा टाक्या लागतात, म्हणजे दीडशे लिटर पाणी विहिरीवरून वावरात येते ते बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावरून. औषध बादलीत कालवते तीच, पुष्कळदा हातानेच. संध्याकाळी औषधाने भिजलेले कपडे धुते तीच, घरच्या बाकी कपड्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत निंदायला उतरते. विश्लेषण करणाऱ्याने एक दिवस वावरात घालवला असता तर यादी वेगळी झाली असती: कालवणाऱ्यासाठी हातमोज्यांचा दुसरा जोड आणि लांब दांड्याची काठी, धुऱ्यावर तोटीचा ड्रम, फवारणीचे कपडे वेगळे धुण्याची सूचना मराठीत आणि चित्रांत, फवारलेल्या वावरात किती दिवस निंदण नको ते शेतमालकाला बंधनकारक, आणि प्रशिक्षणाला दोघांनाही बोलावणे. यातले काहीही महाग नाही.

वेळेचेही तसेच. महिलांचे प्रशिक्षण नोव्हेंबरात सकाळी ११ वाजता ठेवतात, म्हणजे ऐन वेचणीत. वेचणीची मजुरी किलोवर असते. त्या तीन तासांत बाईच्या ओटीत जो कापूस आला असता त्याचे पैसे बुडाले, आणि बदल्यात चहा-नाश्ता मिळाला. ज्या येत नाहीत त्यांच्यापुढे ‘महिलांमध्ये उत्साह नाही’ असा शेरा पडतो. सल्लागाराला दिवसाचे मानधन देता, तसे हजर बाईला त्या दिवसाची बुडालेली मजुरी द्या. लेकरांसाठी बसायला जागा आणि सांभाळणारी एक बाई ठेवा. वेळ गावच्या एसटीची आणि कामाची बघून ठरवा.

पाचवी तक्रार तुमच्याकडे आणि दिल्लीकडे सारखीच आहे. महिलांच्या स्वतःच्या संस्थांवर केलेला खर्च टिकतो, हे इथे दिसलेले आहे. तेजस्विनीतून उभी राहिलेली लोकसंचालित साधन केंद्रे, म्हणजे बचतगटांचे संघ, बचतगटांच्या बायकाच चालवतात, आणि तो प्रकल्प संपल्यावर नवा प्रकल्प आला तो त्याच केंद्रांच्या आधाराने. असे असूनही लहान संस्थांकडे परदेशी निधी येण्याची वाट २०२० साली विदेशी अंशदान कायद्यातल्या दुरुस्तीने जवळजवळ बंद झाली. पूर्वी मोठी संस्था निधी घेऊन तालुक्यातल्या लहान संस्थेला देऊ शकत होती. आता असे हस्तांतर करताच येत नाही. थेट घ्यायचा तर नोंदणी हवी, त्यासाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, खाते नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस आणि लेखापरीक्षक यांचा खर्च तुमच्या अहवालांच्या ओझ्यानेच वाढतो, आणि मर्यादा मात्र संस्थेवर येते.

गृह मंत्रालयाला आमची विनंती आहे की वार्षिक ठरावीक रकमेपर्यंत नोंदणीकृत महिला संस्थांना हस्तांतर करण्याची मुभा, पूर्ण हिशेबाच्या अटीवर, परत द्यावी. देणगीदार देशांनी तोवर दोन गोष्टी कराव्यात. ज्यांच्याकडे नोंदणी आहे अशा जिल्हा-तालुका पातळीवरच्या महिला संस्थांशी किमान पाच वर्षांचे थेट करार करावेत आणि २० टक्के प्रशासकीय खर्च पूर्ण द्यावा. आणि कर्जाच्या प्रकल्पांत गावपातळीवरचे काम शहरातल्या सल्लागार कंपनीऐवजी साधन केंद्रांना रीतसर मोबदल्यावर द्यावे.

परराष्ट्र मंत्रालयाला एक वेगळे सांगणे. भारत स्वतःही मदत देणारा देश आहे. इतर देशांतल्या लोकांना प्रशिक्षण देणारा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, विकास भागीदारी प्रशासन २०१२ पासून आहे, आणि २००७ मध्ये लायबेरियात शांतिसेनेसाठी पूर्ण महिला पोलिसांचे पथक आपणच पाठवले होते. आपल्या कर्जसाहाय्याच्या आणि अनुदानाच्या प्रकल्पांतही स्त्रियांपर्यंत किती पोहोचले याचा हिशेब दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. दुसऱ्यांकडे मागतो तो हिशेब आपणही द्यायला हवा.

आकडेवारीबद्दल थोडक्यात. अमेरिकेने २०२५ च्या सुरुवातीला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा जागतिक कार्यक्रम बंद केला. आमचे कुटुंब आरोग्य सर्वेक्षण त्याच घराण्यातले आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आहेत हे त्याच मोजणीतून कळले. भारत आपली फेरी स्वतःच्या पैशाने करू शकतो, पण ज्या गरीब देशांशी तुलना करून आम्ही आमच्या सरकारला जाब विचारतो तिथले आकडेच थांबले तर तो आधारही जातो. तुमच्यापैकी कोणीतरी हा कार्यक्रम सामाईक निधीतून पुढे चालवा.

गुणांकन आणि कपात याबाबत आमच्या मागण्या या:

गुण मंजुरीला दिला तसा प्रकल्पाच्या मध्यावर आणि शेवटी पुन्हा तपासा, आणि काम झाले नसेल तर खाली आणा. तपासणी करणाऱ्यांत त्या तालुक्यातल्या महिला संस्थेची एक प्रतिनिधी मानधनावर घ्या.

१ गुणाच्या प्रकल्पात समानतेच्या घटकावर प्रत्यक्ष किती खर्च झाला ती रक्कम वेगळी जाहीर करा.

कपात करायचीच असेल तर २ गुणांचे प्रकल्प आणि महिला हक्क संस्थांचा निधी सर्वांत शेवटी कापा, आणि चालू करार मध्येच तोडू नका. किमान एका पूर्ण हंगामाची सूचना द्या.

प्रकल्पाचा गुण, त्यामागचे विश्लेषण आणि निर्देशक मराठीत, दोन पानांत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवणे कर्जकराराची अट करा.

या मुद्द्यांवर तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालाच्या आधी लेखी उत्तर द्यावे. उत्तर मराठीत असेल तर आम्ही ते गटांच्या बैठकांत जसेच्या तसे वाचू.

आपले,
विदर्भातील महिला शेतकरी, शेतमजूर आणि बचतगटांबरोबर काम करणारे कार्यकर्ते